काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचे पत्ते

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागायला हवी. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. छापून येण्यासारखं माझ्या बाबतीत काही घडलं आहे असं मला वाटत नाही. भूकंप घडला, पण तो सगळ्यांचा होता, आणि त्यावर मोठ्या लोकांनी लिहिलं आहे. मी लिहितो आहे ते एका जुन्या कॉम्प्युटरबद्दल आणि त्यात मी टाकलेल्या पत्त्यांच्या खेळाबद्दल. विषय किरकोळ आहे, मला कळतं. पण त्यावरून वसतिगृहातली माझी जागा धोक्यात आली, आणि ती जागा नसती तर माझं कॉलेज नव्हतं. राग अजून गेलेला नाही. रागात माणूस वाकडंतिकडं लिहितो, तेवढं सांभाळून घ्या.

वसतिगृह लातूरला होतं. भूकंपानंतर मदतीच्या पैशातून एका संस्थेनं ते पडलेल्या गावांतल्या मुलांसाठी बांधलं होतं. राहणं-जेवण फुकट. आमचं गाव औशाच्या पुढं. दगडमातीचं घर होतं, ते बसलं. आम्ही आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग पुनर्वसनात सिमेंटची खोली मिळाली. आई-वडील दोघंही रोजानं दुसऱ्याच्या शेतात जातात. लातूरला खोली करून शिकणं आम्हाला कधीच झेपलं नसतं, आणि त्या दिवसांत तर मुळीच नाही. तेव्हा लातूरला क्लासचं पेव फुटलं होतं. चौकाचौकात बोर्ड, बोर्डावर मार्क मिळवलेल्या पोरांचे मोठे केलेले फोटो. कुठून कुठून पोरं यायची. ज्याच्या घराला जिना होता त्यानं जिन्याखाली कॉट टाकून तीही भाड्यानं दिली होती. अशा गावात मला फुकट कॉट होती, खिडकीजवळची. तिची किंमत मला रोज कळायची.

वसतिगृहाचे नियम पुष्कळ होते, पण एक सगळ्यांत कडक. संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही काका म्हणायचो. त्यांची दालमिल होती. भूकंपानंतर ते स्वतः शेडाशेडांतून धान्य वाटत फिरले होते. तिथं पुरुषमाणसं दिवसाढवळ्या पत्र्याच्या सावलीला पत्ते कुटत बसलेली त्यांनी पाहिली. मदतीचे पैसे आले की त्यातले काही तीनपत्तीत जायचे, हे खोटं नाही. पण त्या माणसांच्या हाताला काम नव्हतं आणि कितीकांच्या घरात जेवायला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, हेही खोटं नाही. काकांनी पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं नाही. वसतिगृह सुरू झालं त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की पत्ते खेळताना जो सापडेल त्याची ट्रंक त्याच दिवशी बाहेर.

माझ्या वडिलांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही. आईला तर पत्त्यांचं नाव काढलेलंही चालत नाही. हे पुढं कामाला येईल असं नाही, पण सांगून ठेवतो.

कॉम्प्युटर मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीनं दिला होता. त्यांनी नवे घेतले, जुन्यातला एक आमच्याकडं आला. त्याला हार घालून फोटो काढला, मग रेक्टर सरांनी तो ऑफिसशेजारच्या खोलीत ठेवला आणि वरून झालरीचं कापड घातलं. त्या खोलीत चपला काढून जायचं. दसऱ्याला सर त्याची पूजा करायचे, मॉनिटरच्या कपाळावर कुंकवाचं बोट, की-बोर्डवर झेंडू, आपट्याचं पान, समोर उदबत्ती. ‘ही आपली सरस्वती’ म्हणायचे. रेक्टर सर निवृत्त शिक्षक होते आणि ते मनापासूनच म्हणायचे. फक्त ती सरस्वती कुणी कधी चालू केली नव्हती.

मी बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेतला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनपुढं चौघं बसायचो, आणि माउस ज्याच्या घरी कॉम्प्युटर असेल त्याच्याच हातात राहायचा. माझी पाळी आली की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. मी माउस इतका घट्ट धरायचो, की लॅबचे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे, चटणी वाटायलास का त्यानं?” पोरं हसली. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “तुमच्या होस्टेलला मशीन हाय ना? त्यात पत्त्यांचा गेम टाक. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. आठ दिवसांत हात बसतो. हा गेम असतोय खरं तर सगळ्यात, पण ऑफिसवाले काढून टाकतात, कारकून खेळत बसतात म्हणून.” आणि त्यांनी मला फ्लॉपीवर तो खेळ दिला.

मी परवानगी घेतली होती. हे मी पुन्हा लिहितो, कारण नंतर ते कुणालाच आठवलं नाही. मी रेक्टर सरांच्या टेबलापुढं उभा राहून सांगितलं, की सर, प्रॅक्टिकलसाठी कॉम्प्युटर चालू करायचा आहे, लॅबच्या सरांनी माउसचा हात बसायला पत्त्यांचा गेम दिला आहे, तो टाकतो. सर फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवला, “हात धुऊन बस, अन् कुंकू पुसू नको,” म्हणाले आणि परत बोलायला लागले. त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही. मी पूर्ण सांगितलं होतं.

माझा खोलीतला जोडीदार निलंग्याकडचा. तोही भूकंपातलाच, पण जिभेनं तिखट. तो माझ्यासोबत आला, म्हणाला, “चल, सरस्वती उठती का बघू.”

ती उठली, पण सावकाश. आधी पडद्यावर आकडे मोजले गेले, मग कितीतरी वेळ काहीच नाही. पडदा काळा-पांढरा. फ्लॉपी घातली तर गिरणीत ज्वारी पडल्यासारखा आवाज यायला लागला, आणि शेवटी डिस्कवर जागा शिल्लक नाही असा निरोप आला. आत बघितलं तर मुंबईच्या त्या ऑफिसचे जुने कागद तसेच होते, कुणाचे रजेचे अर्ज, कुणाला दिलेली ताकीद. दुसऱ्या दिवशी लॅबच्या सरांना विचारून ते पुसले आणि खेळ उतरवला. उघडायला गेलो तर एक फाइल सापडत नाही असं लिहून आलं. पत्त्यांची चित्रं वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती सरांनी द्यायची राहिली होती.

“म्हंजे डाव मांडला अन् पत्तेच घरी राहिले,” जोडीदार म्हणाला.

ती फाइल आणली आणि खेळ उघडला. मला इतका आनंद झाला होता की लिहायला लाज वाटते. आमच्या घरात मिक्सरसुद्धा कुणी चालू केलेला नाही, आणि मी एका मशीनला नवीन काहीतरी करायला लावलं होतं.

पण खेळणं अवघड होतं. या खेळात लालवर काळा आणि काळ्यावर लाल असे पत्ते उतरत्या क्रमानं लावायचे असतात. आमच्या पडद्यावर लाल नव्हताच. बदाम काळा, इस्पिकही काळं. बुडाकडं बघून ओळखायचं, इस्पिकाला खाली देठ असतो, बदामाला नसतो. वर माउस अडकायचा. उलटा करून उघडला तर आतल्या गोळीला आणि चाकांना कुंकू चिकटलेलं. कित्येक दसऱ्यांचं असेल. ते मी नखानं खरवडून काढलं, आणि पडलेलं सगळं कागदात गोळा करून खिडकीतल्या तुळशीत टाकलं, केरात नाही.

जोडीदार शेजारी स्टुलावर बसून सल्ले द्यायचा.

“ह्यात समोरचा भिडू कोण?”

“कुणी न्हाई. एकट्यानंच खेळायचं.”

“मग जिंकलं तर जळवायचं कुणाला?”

“कुणालाच नाही.”

“लई भंगार खेळ हाय मग. त्यापेक्षा अभ्यास बरा.” एवढं म्हणून तो पुन्हा पडद्याकडं बघायचा आणि “ती राणी घे की, आंधळ्या” म्हणायचा.

दुपारचं जेवण झाल्यावर वीज असेल तेवढा वेळ मी बसायचो. हात खरंच बसायला लागला. लॅबमध्ये एकदा बाण मला पाहिजे तिथं जाऊन थांबला आणि सर नुसतंच “हां” म्हणाले. ते ‘हां’ घेऊन मी पायी वसतिगृहापर्यंत आलो.

ज्या दिवशी डाव पहिल्यांदा सुटला, त्याच दिवशी रेक्टर सर एका पाहुण्याला वसतिगृह दाखवत होते. पाहुणे म्हणजे एका क्लासचे मालक. त्यांच्या पोरांना कॉट पाहिजे होत्या आणि आमच्याकडं काही रिकाम्या होत्या, असं आधीपासून कानावर होतं. तर इकडं मी शेवटचा राजा वर ठेवला, आणि पडद्यावरचे सगळे पत्ते उसळ्या मारत खाली पडायला लागले. एकेक पत्ता, त्यामागं त्याच्या सावल्यांची रांग. डाव सुटला की असं होतं हे मला माहीत नव्हतं. ते थांबवायचं कसं हेही माहीत नव्हतं. मशीन जुनं, त्यामुळं ते सावकाश चाललं होतं. तेवढ्यात दारात सर.

“हे काय?”

मी उभा राहिलो. पत्ते पडतच होते.

“हे काय करायलास? बंद कर ते!”

“सर, होईना.”

“होईना म्हणजे?”

जोडीदाराला वाटलं आपण मदत करावी. म्हणाला, “सर, ते जिंकल्यावर होतंय तसं.”

“जिंकल्यावर? काय जिंकला हा?”

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, काही नाही सर. सरांनी मॉनिटरवरच्या कुंकवाकडं बघितलं, खाली पडणाऱ्या गुलामाकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज चिरकला. “सरस्वतीच्या अंगावर पत्ते! सरकारनं घर दिलं, संस्थेनं अन्न दिलं, तरी तुमच्या लोकांचा पत्ता सुटत न्हाई!”

तुमच्या लोकांचा. हे दोन शब्द मी कितीही प्रयत्न केला तरी गिळू शकलो नाही. माझे लोक म्हणजे कोण? ढिगाऱ्यातून बाहेर काढलेले? की न निघालेले? माझा बाप उन्हात दुसऱ्याचं सोयाबीन काढत होता त्या वेळी. पण आमच्याकडं शिक्षकासमोर बोलत नाहीत, तसं शिकवलेलंच नाही.

आणि ते क्लासचे मालक! त्यांच्या ऑफिसात रंगीत कॉम्प्युटर होता, येता-जाता काचेतून दिसायचा. हा खेळ काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. एक वाक्य बोलले असते तर मिटलं असतं. ते हसून म्हणाले, “असू द्या सर. वय असतंय पोरांचं.” कशाचं वय? जुगाराचं? त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. माझ्याजवळ पुरावा नाही. पण रिकाम्या कॉट मोजत आलेल्या माणसानं माझी बाजू घ्यायची राहून गेली, एवढं खरं.

दोन दिवसांनी काका आले. ऑफिसात ते आणि रेक्टर सर बसले, मी उभा. काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी विचारलं, जेवलास का. मग विचारलं, “भिडू किती होते?”

“एकटाच होतो, काका.”

“एकटा कोण पत्ते खेळतंय रे?”

“कॉम्प्युटरचा गेम आहे. त्यात एकट्यानंच खेळायचं असतं.”

“मग पत्ते कुठायत? दाखव.”

“आत आहेत. मशीनमध्ये.”

काकांनी रेक्टर सरांकडं बघितलं. सर म्हणाले, “मी डोळ्यांनी बघितलंय. ढीग पडत होता.”

“सर, मी तुम्हाला आधी विचारलं होतं,” मी म्हणालो. “तुम्ही फोनवर होता.”

“प्रॅक्टिकल म्हणाला होतास तू. पत्ते म्हणला असतास तर मी हो म्हणलो असतो का?” सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मी म्हणालो, “काका, चालू करून दाखवतो. तुम्हीच बघा. माउस शिकण्यासाठी असतो तो. लॅबच्या सरांना विचारा.”

काका उठले. चपला काढून आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. मी कापड काढलं, बटण दाबलं. वीज नव्हती. आम्ही वाट बघत उभे राहिलो. काकांनी रुमालानं मान पुसली, घड्याळ बघितलं. त्यांना मिलवर जायचं होतं. शेवटी म्हणाले, “मी चौकशी करतो. निर्णय होईपर्यंत ह्यानं वसतिगृहात पाऊल टाकायचं न्हाई. बाकीच्या पोरांवर परिणाम होतो. निर्णय झाला की कळवू.”

म्हणजे गुन्हा ठरायच्या आधी शिक्षा सुरू. संध्याकाळी माझी ट्रंक फाटकाबाहेर होती. जोडीदार तिथवर आला. म्हणाला, “आठ दिवसांत बोलावतेत बघ. कॉट मी कुणाला देत न्हाई.”

गावी जाणं शक्य नव्हतं. आईला काय सांगणार होतो, पत्त्यांवरून काढलं म्हणून? मी नांदेडला अक्काकडं गेलो. माझी मोठी बहीण. दाजी अर्धापूरहून केळीची गाडी चालवतात. एका खोलीत ती दोघं, दोन लेकरं, आणि आता मी. अक्कानं काही विचारलं नाही, ताट वाढलं. दाजींना मात्र सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं.

“कॉम्प्युटरातल्या पत्त्यावरून काढलं?”

“हाव.”

“अन् टीव्हीत मारामारी बघितली तर मग फाशी देतील का काय?” दाजी म्हणाले. “अन् तू निस्ता ऐकून राहिला? मी असतो तर त्या डबड्यासकट बाहेर आलो असतो.”

अक्का म्हणाली, “तुम्ही असतात तर आत घेतलंच कुणी असतं?” लेकरं हसली, मीही हसलो असेन.

मी वाट बघितली. दोन आठवडे झाल्यावर राहवलं नाही, लातूरला जाऊन आलो. फाटकावर वॉचमन मामा होते, ओळखीचे, रोज राम राम करणारे. त्यांनी फाटक उघडलं नाही. “काका पुण्याला गेलेत म्हणं. निर्णय बाकी हाय. मला म्हणलेत आत सोडू नको. माझी नोकरी हाय बाबा.” मी म्हणालो, जोडीदाराला तरी बोलवा. तो क्लासला गेला होता. लॅबच्या सरांना भेटायला कॉलेजात गेलो तर सर कुठल्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेलेले. मी मामांना परत येऊन सांगितलं, निर्णय झाला की मला कळवा, मी नांदेडला आहे. ते म्हणाले, “कळवणारच की. न कळवून कसं चालंल?” त्यांच्या तोंडावर खरंच दया होती. मी शेवटची एसटी पकडली.

पुढं दिवाळी आली. मी गावी गेलो नाही, अभ्यास आहे असं कळवलं. ती मात्र माझी थाप होती. अभ्यास कसला, वह्या उघडून बसायचो आणि मनातल्या मनात काकांशी भांडायचो. मनात मी फार छान बोलायचो. पाहा काका, म्हणायचो, पत्ता म्हणजे वाईट असेल तर कॅलेंडरवरचा वाघ माणूस खातो का? असलं काहीतरी. प्रॅक्टिकलची परीक्षा लातूरला झाली, मी नांदेडला होतो. वर्ष गेलं. कुणी कळवलं नाही, म्हणजे माझ्याविरुद्धच ठरलं असणार, असं मी धरून चाललो. काढून टाकलेल्या पोराला कोण निरोप धाडतं? पुढच्या जूनमध्ये मी नांदेडच्याच कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला बसलो, कॉम्प्युटर विषय सोडून. सकाळी कॉलेज, दुपारी एका दुकानात काम. अजून तेच चालू आहे.

मागच्या महिन्यात विष्णुपुरीच्या सिटी बसच्या थांब्यावर कुणीतरी मागून पाठीत गुद्दा घातला. बघतो तर जोडीदार. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगचं कॉलेज दाखवायला घेऊन आला होता. मला वाटलं गळ्यात पडेल. तो फुगलेला.

“साहेब झाला व्हय रे? बोलावलं तरी येईना!”

“कुणी बोलावलं?”

“काकांनी. अजून कुणी?” तो म्हणाला. “दिवाळीच्या आधी लॅबचे सर स्वतः आले होते होस्टेलला. काकांना बसवून गेम चालू करून दाखवला. काका हसू हसू बेजार. स्वतः एक डाव खेळले, हरले. म्हणले, पोराचा काही गुन्हा न्हाई, त्याला परत बोलवा, प्रॅक्टिकल बुडू देऊ नका. पंधरा दिवस कॉट तशीच ठेवली तुझी. मी रोज त्यावर टॉवेल टाकून ठेवायचो. तू आलाच न्हाईस. मग रेक्टर म्हणले, त्याला गरज दिसत न्हाई, अन् क्लासच्या पोराला दिली. आम्हाला लई राग आला तुझा.”

 मी विचारलं, “पण मला सांगितलं कुणी?”

तो मग हळू आवाजात म्हणाला, “संध्याकाळच्या प्रार्थनेत सांगितलं की, काकांनी. सगळे होतो आम्ही.”